सकाळची पहिली पट्टी

मार्केट यार्डात गुळाचा सौदा सुटायच्या आधी
मगदूम अण्णांचा फोन, सात वाजून अकरा मिनिटांनी.
"म्याडम, पयली पट्टी परत अडकली.
दुसरी निघती, तिसरी निघती.
पयलीनं काय घोडं मारलंय तुमच्या मशिनीचं?"

तीन आठवडे, रोज, पहिलीच.
राजारामपुरी, अकरावी गल्ली, गिरणीच्या वरचा मजला.
खालून पिठाचा वास, वर मी, उघडा लॉग
आणि तीच ओळ: कनेक्शन तुटलं.
कुणी तोडलं, ते लिहिलेलं नाही.

सर्व्हर म्हणतो, मी जागा आहे.
डेटाबेस म्हणतो, मीही.
इर्शाद मुजावर चहा ठेवत म्हणाला,
ड्रायव्हर बदलून बघ.

तीन होते.
एक वाऱ्यासारखा पळणारा,
पण लिहिणाऱ्यानं सहा वर्षांत त्याच्याकडे वळून पाहिलेलं नाही,
तक्रारीखाली तक्रार, उत्तर एकाचंही नाही.
एक दुभाष्या. कुणाशीही बोलतो,
फक्त 'ळ' आला की अडखळतो,
गुळाच्या शेपटीला चौकोन छापतो.
कोल्हापुरात 'ळ' नसलेला गूळ कसा विकायचा?
तिसरा संथ. पण मेला तर सांगून मरतो.

आमचा आधीचा तसा नव्हता.
गार पडलेला हात माझ्या हातात द्यायचा
आणि म्हणायचा, हं, बोला.

तिसरा घेतला. रात्री साडेअकराला चढवला,
शांत झोपले.
सात अकराला फोन.

लॉगमध्ये आता एक ओळ जास्त होती:
पलीकडून उत्तर नाही. वाट पाहिली. सोडलं.
एवढंच. तरी मला त्याचा राग आला नाही.

अमावास्येला सौदे बंद. मी दुकानात जाऊन बसले,
रिकाम्या काट्याशेजारी, मोबाईलचं घड्याळ लावून.
दहा मिनिटं गप्प राहून हाक मारली: ओ दिली.
वीस मिनिटं: ओ.
एकोणतीस: ओ.
एकतीस:

काहीच नाही.

भिंतीवर, कॅलेंडरच्या खिळ्यालाच टांगलेली
उदबत्तीच्या धुरानं पिवळी पडलेली एक पेटी.
फायरवॉल. कुणाच्या तरी मेव्हण्यानं बसवलेली.
अर्धा तास कुणी बोललं नाही
की ती दोघांमधला दोर कापते
आणि दोघांनाही सांगत नाही.
रात्रभर दहा कनेक्शनं ताठ उभी,
प्रत्येकाच्या हातात तुटकं टोक.

अण्णा आपल्याच तंद्रीत सांगत होते,
पूर्वी भाव टॉवेलखाली ठरायचा,
बोटं धरायची, बोटं सोडायची, तोंडातनं शब्द नाही.
"पर हात गरम हाय का न्हाई, ते कळायचं बघा."

आणि मागं शिदू हमाल,
कालचे उरलेले रवे थप्पीला लावत.
प्रत्येक रव्यावर आधी बोटाचं पेर आपटायचा,
कान तिरका करून ऐकायचा, मग उचलायचा.
"आतनं ओला असला की बद्द वाजतोय.
पाठीवर घेतल्यावर कळून काय उपेग?"

मी तिथंच पोत्यावर लॅपटॉप उघडला.
कनेक्शन द्यायच्या आधी एक टिचकी: सिलेक्ट एक.
वाजलं तर दे, नाही तर फेक, नवं आण.
आणि पंचवीस मिनिटांवर कुणाला जगू द्यायचं नाही,
पेटीनं मारायच्या आत आपणच निरोप द्यायचा.
चार ओळी. चार ओळींचे तीन आठवडे.

दुसऱ्या दिवशी सात अकरा झाले.
सात बारा.
गिरणी सुरू झाली, जमीन थरथरली.
साडेसातला फोन.

"पट्टी निघाली, पर शाई फिक्की येतीया."
बघते म्हटलं.
"आन् म्याडम, इर्शादभाई म्हणत होते, ड्रायव्हर बदलला?"
हो अण्णा.
थोडा वेळ पलीकडे नुसता यार्डाचा गलका.
मी थांबले. तो ओ देतोय का, ते ऐकत.
"मग जुन्या माणसाला जाताना काय दिलंसा?"