जोडाक्षर

तिसऱ्या सत्राचा पेपर, पंधरा गुणांचा घटक : स्त्रीलेखन.
वेंगुर्ल्याचं कॉलेज, खिडकीबाहेर सुरूची झाडं,
वर्गात सात मुली आणि एक मुलगा,
तोही हजेरीपुरता.
मी फळ्यावर लिहिते : बाई देहातून लिहिते.
मुली जसंच्या तसं उतरवून घेतात,
‘देह’खाली रेघ मारतात, कारण मी मारली.

आईचा फोन येतो. मी कापते.

संध्याकाळी कळतं, रेशनच्या मशीननं तिला पुन्हा परतवलं.
उजवा अंगठा, डावा अंगठा, मग एकेक बोट,
पदराला पुसून, फुंकर घालून, दुकानदाराच्या रुमालानं सुद्धा.
‘माझो अंगठो माका वळखणा नाय,’ ती म्हणते,
आज बाजारात बांगडो नाय म्हणावं तसं,
आणि भात उतरवते.

बत्तीस वर्षं काजूच्या कारखान्यात.
डीक रेषा खातो. आधी वरच्या, मग मुळातल्या.
राख लावा, खोबरेल लावा, खातोच.
लुईझाची बोटं, जैतूनबीची, आईची,
टाकी लावायला आलेल्या पाट्यासारखी गुळगुळीत.
आणि त्याच बोटांना न बघता कळतं
दोनशे चाळीस नंबर कुठला, तीनशे वीस कुठला,
कुठल्या गराची पाकळी आत्ता सुटणार आहे.

डीक पिंपात भरून विकला जातो.
होड्यांच्या बुडाला लावतात, लाकूड कुजू नये म्हणून.
म्हणजे तिचे ठसे कुठेतरी आहेत,
दाभोळच्या नाहीतर देवगडच्या कुणाच्या होडीखाली,
खाऱ्या पाण्यात, पालथे.
हे मी माझ्या प्रबंधात कुठे घालू?
तिथे प्रकरण चौथं आहे : मौन.
बेचाळीस पानं.

बँकेतला पोरगा म्हणाला, काकी, सही शिका.
म्हणून अठ्ठावन्नाव्या वर्षी ती माझ्यासमोर बसली.
द्वारका.
पहिलंच अक्षर अडलं.
द च्या पोटाखाली व लोंबतो, तो तिला पटेना.
‘ह्या पोर असा कित्याक टांगलला?’
मी म्हटलं, जोडाक्षर आहे, दोघं एका दमात म्हणायचे.
‘मगे वायच कडेर घी मगो तेका,’
आणि तिनं व वर उचलला, द च्या कमरेशी चिकटवला.
मी खोडून दाखवलं. तिनं परत तसाच काढला.

बँकेत सही जुळली नाही.
सोमवारची वेगळी, गुरुवारची वेगळी,
एकदा तर ‘का’चा काना विसरून नुसती द्वारक.
पोरगा वैतागला, काकी, रोज सारखी हवी.
‘मी तरी रोज सारखी खय असतंय?’
मागे रांगेत लुईझा हसली, मग सगळीच रांग.
मी हसले नाही. मी ते वाक्य लिहून घेतलं,
बसच्या तिकिटामागे, चोरासारखं.
अजून वापरलेलं नाही.
वापरलं तर तळटीप कुणाच्या नावानं द्यायची,
आणि ते नाव कुठल्या अक्षरात?

आता ती रोज रात्री जेवणानंतर लिहिते.
कोरा कागद वाया कशाला घालवायचा,
म्हणून माझ्या प्रबंधाच्या पानांची पाठ घेते.
बॉलपेन असं दाबते, जसं काजू कापताना पात्याचा दांडा.
काल प्रकरण चौथं हातात घेतलं
आणि छापलेल्या ओळींमधून
उलटी द्वारका वर आलेली, एकोणीस वेळा,
व कधी खाली, कधी कडेवर.
दिवे गेले होते.
मी बोट फिरवून बघितलं.
माझं बोट, रेघान्‌रेघ शाबूत,
पंचवीस वर्षं फक्त खडू धरलेलं.
नीट वाचता येत होतं, असं म्हणणार नाही.

‘काय गो चाचपतंस?’ तिनं अंधारात विचारलं.
काही नाही, म्हटलं, पान शोधते.