दोन दोऱ्या

आर्माच्या टेकडीवर लष्कराचा मनोरा,
खाली ब्रोना मॅकार्डलचं परसदार.
चादरी, टॉवेल, पोरांचे सदरे बाहेरच्या दोरीवर;
तिचे स्वतःचे कपडे गोठ्यात,
गाईंच्या उबेत वाळायचे.

पुलाखालचा बॉम्ब त्या मनोऱ्यानंच हेरला,
शाळेची बस वळणावर असताना.
बसमध्ये फिंटन होता.
ते ऋण ती नाकारत नाही.
पण नवरा गेला त्या रात्रीही
रडायला तिला गोठाच गाठावा लागला.

मग तह झाला. हेलिकॉप्टरनं मनोरा
पत्रा पत्रा करून उचलून नेला.
टेकडीवर गवत.

काल फिंटननं फाटकावर कॅमेरा लावून दिला.
“तुझ्याच काळजीपोटी, आई.”
खरंच आहे ते.
ब्रोना “बरं” म्हणाली,
ओल्या कपड्यांची बादली उचलली
आणि पाय आपसूक
रिकाम्या गोठ्याकडे वळले.