नवतपा आणि सुतळी

गौतमी उके हैदराबादला ट्रेनिंगला गेली
तेव्हा नवतपा लागला होता.
नऊ दिवस कुत्री माझ्याकडे.
सोबत एक डबा, पट्टा, अर्धा झिजलेला रबरी चेंडू
आणि वहीच्या कागदावर:
डोळ्यांत पाहू नका, काका.
समोर उभे राहू नका, तिरपे बसा.
हाक मारू नका. तीच येईल.

नाव सुतळी. बॉम्बातली.

मी पीटीचा मास्तर. बत्तीस वर्षं
सक्करदऱ्याकडच्या शाळेत एका शिट्टीवर
सहाशे पोरं सरळ रेषेत उभी केली.
आणि ही दीड वर्षाची, मूठभर छातीची,
जी कूलरमागे शिरली
ती दोन दिवस नुसतं नाक.

पोळी ठेवायची, सरकायचं.
सकाळी वाटी चाटून लख्ख
आणि घरभर पावलं, कूलरच्या पाण्याची:
दिवाण, खुर्ची, खिडकीचा कठडा, परत दिवाण,
टीव्हीच्या टेबलावर तर चारही.
मी घोरत होतो तेव्हा हिनं
क्रॉस कंट्री काढली होती.
काहून वं, मी म्हटलं,
खसच्या ताटीकडे पाहून.

तिसऱ्या पहाटे, साडेचारला,
डांबर पायाला सोसतं तेवढ्यात,
तिला शाळेच्या मैदानावर नेलं.
झनकलालनं फाटक उघडलं
आणि सांगितल्याप्रमाणे पाठ करून उभा राहिला,
बिडी न पेटवता.
पट्टा सोडला.

पळणारे मी पाहिलेत.
विभागाला गेलेले, एक राज्यापर्यंत पोचलेली.
पण जिला जिंकायचं नाही,
कुणी पाहू नये एवढंच हवं,
तिचं पळणं पाहिलं नव्हतं.
भिंत धरून, कडेकडेनं, कान मागे दाबून,
मैदानाच्या मधे एकदाही नाही.
खिशातल्या खिशात घड्याळ दाबलं मी.
आकडा सांगत नाही.
शिट्टी गळ्यात होती, सवयीनं.
तिथेच राहिली.

सहाव्या दुपारी लाईन गेली.
कूलर घरघरत थांबला
आणि शेचाळीस डिग्री घरात येऊन बसली.
मी फरशीवर पडलो, भिंतीकडे तोंड करून.
नखं वाजली. थांबली. वाजली.
मग माझ्या पाठीला पाठ.
तिचं काळीज माझ्या बनियनमधून
धावत होतं.
मी खोकलासुद्धा नाही.

राजरतन लहानपणी, मी घरी आलो की
तांदळाच्या कोठीमागे असायचा.
त्याची आई म्हणायची, खेळून राहिला.
मीही म्हणायचो, खेळून राहिला.

दहाव्या दिवशी गौतमी आली.
सुतळीनं जिन्यातच तिला जवळपास पाडलं
आणि गेली, वळून न पाहता.
बरोबर आहे. कागदावर तसंच होतं.
चेंडू राहिला, तो दिवाणाखाली आहे.

रविवारी पुण्याहून व्हिडिओ कॉल.
मी फोन जरा तिरपा धरला.
बाबा, नुसता पंखा दिसून राहिला,
आणि तुमचा कान.
असू दे, म्हटलं.
पुढं काही विचारलं नाही.
पंखा फिरत होता, तो पाहत असेल.
मग म्हणाला, इकडे किचनचा नळ गळतो,
प्लंबर तीनदा येऊन गेला,
आणि त्या नळावरच
बावीस मिनिटं बोलला.