दुधी काच

लिबेरेत्स, पहाटेचे चार.
बोहुमीरची छाती माझ्या पडद्यावर,
पाव कापावा तशी, काप-काप.

हवेच्या जागी जे धुरकट साचतं
त्याला आम्ही दुधी काच म्हणतो.
हा माणूस चाळीस वर्षं नोवी बोरच्या भट्टीपाशी
फुंकून फुंकून फुलदाण्या फुगवायचा.
आता यंत्र त्याला फुगवतंय,
मिनिटाला बावीस वेळा, बेतानं.

संगणक म्हणतो: एकोणसत्तर टक्के.
कशाचे, ते त्याच्या बायकोला सांगणं माझं काम नव्हे.
तरी जिना उतरले.

क्वेतोस्लावा बाकावर, मांडीवर त्याचे बूट.
मी स्कॅन पुढे धरला. हे पाहा, दुधी काच.
तिनं चष्मा कपाळावर सरकवला.
"वाळूनं घासलेली, की वाफ धरलेली?"

मला बोलता येईना.

"मी तिथं घासकामालाच होते, डॉक्टरीणबाई.
घासलेली पुन्हा नितळ होत नाही.
वाफेची बाहीनं पुसता येते.
लांबून दोन्ही सारख्याच."

वर आले. पुन्हा पहिल्या कापापासून.
डाव्या तळाशी नळ्या ओढल्यासारख्या, बहुधा.
उजवीकडे नुसतं धुकं, किंवा मला तसं हवंय.
अहवालात आकडा लिहिला.
खाली, कुणी वाचत नाही त्या ओळीत:
तीन दिवसांनी पुन्हा स्कॅन.

मग खिडकीच्या गार काचेवर
हाऽ करून वाफ सोडली.
बाही वर नेली, आणि तशीच ठेवली.
पुसायचं नाही.
बघू, आपणहून किती वेळ घेते.