झीज

लाँगटनमध्ये, जुन्या भट्टीच्या मागे,
जिथे एकेकाळी कपबश्या भाजल्या जात,
तिथे मी दात बनवते.
पोर्सलेनचे. एकेक, नंबर घातलेले,
कधीच न भेटणाऱ्या तोंडांसाठी.

टनिक्लिफसाहेब सकाळी आठला ट्रेसमोर उभे राहतात.
आवाज चढवत नाहीत.
माझा एक दात उचलतात, खिडकीशी धरतात,
आणि सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या हळू विचारतात,
"हा तू तुझ्या आईच्या तोंडात बसवशील?"
मग तो फरशीवर ठेवतात. टाचेखाली.
पोर्सलेन फुटताना फार आवाज होत नाही,
सांडलेल्या साखरेवर पाय पडावा तेवढाच.

पहिल्या वर्षी मी दातओठ खाल्ले, मनातल्या मनात.
दुसऱ्या वर्षी दातांच्या कण्या केल्या:
सर, सांगा तरी, छटा चुकली की उंची?
"सांगावं लागतं, त्यातच आलं सगळं."
तिसऱ्या वर्षी दातखीळ.

काय गेलं ते नीट सांगता येत नाही.
घरात चोरी झाली तर माणूस निदान यादी करतो.
पूर्वी मी दाढेच्या खळग्यात एक तपकिरी रेघ ओढायची,
केसाएवढी, आयुष्यभर चहा प्यायलेल्या माणसाची.
कुणी शिकवली नव्हती. हाताला सुचली होती.
ती सुटली.
आता सगळे दात कॅटलॉगमधले, कुणाचेच नसलेले.
मँचेस्टरच्या कोर्सचा फॉर्म तीनदा भरला,
तीनदा त्यांच्या दारापर्यंत नेला आणि
परत येऊन म्हटलं, सध्या काम फार आहे.
शनिवारी हॅन्लीच्या बाजारात भाजी उचलूनही विचारते,
ही चालेल ना?
मुकुंद म्हणतो, अगं, भेंडी आहे ती.
रात्री तोच हलवून उठवतो:
खडीवरून कुणी गाडी घालतंय असा आवाज येतोय,
तुझ्या तोंडातून.

मार्चमध्ये कॅलम आला. अठराचा, नखांत प्लास्टर.
त्याने मेणाचा सुळा कोरला. बुंध्याशी जाड,
पण टोकाला काहीतरी होतं, एक हट्ट.
मी तो उचलला.
खिडकीशी धरला.
आणि अगदी हळू म्हणाले, "हा तू तुझ्या आईच्या..."

त्याचा जबडा मिटताना दिसला मला.
कानाच्या खाली, इथे, स्नायू वर येतो.
ती जागा मला ठाऊक आहे.
वाक्य मी अर्ध्यावर सोडलं,
पण अर्ध्या वाक्यानेही काम होतं.

त्या संध्याकाळी सगळे गेल्यावर
मी माझ्याच तोंडाचा साचा घेतला.
प्लास्टर ओतलं. वाळेपर्यंत दिवा न लावता बसून राहिले.
मग ते दात हातात घेतले, परक्याचे घ्यावेत तसे,
आणि सवयीने नोंद लिहायला लागले:
सुळ्यांची टोकं गेलेली.
दाढांचे कंगोरे सपाट, देवळाच्या पायरीसारखे.
वय अंदाजे साठ.
(मी अडतीसची आहे.)
रुग्ण रात्रभर काहीतरी दळतो.
काय, ते विचारावे.
कोणी विचारावे, ती जागा मी कोरी सोडली.

आज साडेसातलाच आले.
कॅलमचा सुळा त्याच्या ट्रेवर परत ठेवला. म्हटलं,
काल मी बोलले ते माझं नव्हतं, पण तोंड माझंच होतं.
बुंधा कमी कर. टोक तसंच राहू दे.
मग खिशातल्या माझ्या दातांवर अंगठा ठेवून
दुसऱ्या हाताने ब्रश ओला केला,
आणि एकेचाळीस नंबरच्या दाढेत ती रेघ ओढली.
थोडी वाकडी आली.

जिन्यावर पावलं वाजली.
कॅलमने ट्रेवर हात ठेवला.
मी म्हटलं, झाकू नकोस.