एक जास्त

माधवगंजात तिसरा मजला, माघाची थंडी.
खाली गजक कुटणाऱ्यांचे हातोडे,
दोन एका लयीत, तिसरा जरा मागून.
भदौरियांचा अंकुर माझ्या मेजावर
बॅटरी मेलेला लॅपटॉप तारेला लावून बसलाय.
त्यांच्याकडे पाहुणे, माझ्याकडे हीटर.

"काकी, त्रिकोण बघा," म्हणतो.
माझ्यासाठी मराठी बोलतो तो,
क्रियापदं हिंदीतून उसनी घेत.

१
१ १
१ २ १
१ ३ ४ १

"वरच्या दोघांची बेरीज खाली.
कडेला नेहमी एक. बस, इतकंच."
पहिल्या ओळीला तो शून्यावी म्हणतो;
ते मला पटतं. आरंभीची शिल्लक.

एकतीस वर्षं पतपेढीत रोखपाल होते.
आकडे मला बघावे लागत नाहीत,
ते आपणहून खुपतात.
आडव्या बेरजा मारल्या: एक, दोन, चार
आणि नऊ.
आठ हवेत.
एक जास्त.

गल्ल्यात रुपया कमी आला
तर पर्समधला टाकून घरी जाता येतं.
जास्त आला की तो कुणाचा, म्हणून झोप नाही.
एका मार्चअखेरीस मी सगळ्यांना
रात्री साडेदहापर्यंत बसवून ठेवलं होतं.
सापडला तो सरनोबतबाईंचा,
आहेराचं पाकीट तसंच भरलेलं,
एकावन्न आत, पावती पन्नासची.

"वाच," म्हटलं, "काय लिहिलंयस ते, हळू."
एकच रांग. तिच्यातच खोडायचं, तिच्यातच लिहायचं.
डावीकडून निघायचं.
दोनाच्या जागी तीन ठेवायचे,
मग पुढच्या एकानं शेजारी बघायचं
तर तिथे दोन कुठे आहेत आता?

"जुना आकडा शेजाऱ्यानं वाचायच्या आधी
पुसलास तू.
आमच्याकडे नोकरी गेली असती.
लाल शाईची एक रेघ,
आणि रेघेखालचा दिसला पाहिजे."

"मग दुसरी वही घेऊ?"
"वही कशाला वाया. उजवीकडून निघ.
बेरीज करताना एककापासून निघतोस ना,
हातचा घेत?"

तो बराच वेळ गप्प.
मग एक वजाचं चिन्ह टाकलं त्यानं,
आणि सगळी रांग शेपटाकडून चालायला लागली.

१ ३ ३ १
१ ४ ६ ४ १
१ ५ १० १० ५ १

बाराव्या ओळीवर, नऊशे चोवीसच्या उंचवट्यावर,
वीज गेली.

हातोडे थांबले नाहीत. त्यांना कसली वीज.
अंकुरनं मोबाइलचा उजेड धरला,
मी विजेच्याच बिलाच्या पाठीवर
आठवणीतल्या बाराव्यावरून तेरावी मांडली:
एक, तेरा, अठ्ठ्याहत्तर, दोनशे शहाऐंशी,
सातशे पंधरा, बाराशे सत्त्याऐंशी,
सतराशे सोळा. इथे थांबले.
पुढे तेच उलट; पेन्सिल का झिजवा.

पावणेदहाला दिवे आले.
त्यानं सगळं पहिल्यापासून चालवलं
आणि तेरावी ओळ वाचायला लागला.
"दो सौ छियासी," तो.
"शहाऐंशी," मी, आणि खूण.
"सात सौ पंद्रह."
खूण.