तेवीस काडतुसं

कोपरी पोलीस ठाण्यातल्या लाकडी बाकावर
दोन्ही घेऊन बसले आहे.
रायफल तिच्या खाकी गवसणीत,
पिस्तूल नानांच्या जुन्या डब्याच्या पिशवीत,
आणि मांडीवर पन्नास खळग्यांचा प्लास्टिकचा ट्रे.

हवालदार गांगुर्डे चष्मा पुसतात.
मयताचं नाव?
मोरेश्वर ताम्हाणे.
व्यवसाय?
वागळे इस्टेटमध्ये टूलरूमला होते. रिटायर.
तुम्ही?
मुलगी. परवान्यावर रिटेनर.
हत्यारं?
दोन.
बोअर?
पॉइंट टू-टू.
दोन्हींचा?
दोन्हींचा.

रायफल आधीपासून होती.
पिस्तूल घ्यायला गेलो तेव्हा डीलरने
बत्तीसचं दाखवलं होतं, काळं, देखणं,
मला हातातून ठेववेना.
नानांनी नुसतं त्याचं काडतूस मागितलं,
खिशातून व्हर्निअर काढून मोजलं,
परत दिलं. म्हणाले,
घरात एक पिठाचा डबा आहे,
पोळ्या करा नाहीतर भाकऱ्या थापा,
दुसरा डबा कोण भरणार?
डीलर म्हणाला, पिठाचा काय संबंध?
नाना म्हणाले, तुमचा नाही, आमचा आहे.

मग रविवार. सकाळी सात.
येऊरच्या पायथ्याची रेंज,
मागे झाडीत माकडांची भांडणं,
पुढे मातीचा बांध.
नाना सतरंजीवर पालथे,
मी उभी, डावा हात खिशात.
मधे स्टूल. स्टुलावर ट्रे.
त्यांनी उजव्या कडेने घ्यायची, मी डाव्या.
बोलायचं नाही.
बोललं की श्वास हलतो, श्वास हलला की दहाचा आठ होतो.

एकदाच विचारलं होतं,
माझं पिस्तूल एवढं ओरडतं का?
रायफल तर नुसती टक करते.
तीच गोळी, ते म्हणाले.
नळी आखूड, म्हणून आवाज मोठा.
लांब नळीत तिला जरा वेळ मिळतो,
वेग घेऊन निघते, बोलते कमी.
मी त्या वर्षी नाशिकहून
दोन बॅगा आणि मिक्सर घेऊन परत आले होते.
ते चष्म्यावरून बघत राहिले.
मग म्हणाले, बंदुकीबद्दल बोलतोय मी.

शेवटच्या वर्षी खांदा दुखतो म्हणायचे.
दुखतही असेल.
पाच झाडायचे, कूस वळवून पडून राहायचे,
माझ्या निशाण्याकडे दुर्बीण लावून.
अकरावर, म्हणायचे. घड्याळाच्या अकरावर जातेयस.
मनगट कुणावर रागावलंय?

काडतुसं किती?
तेवीस.
कुठल्या हत्याराची?
दोन्हींची.
मॅडम, रकाना एकच आहे.
दोन्हींतून चालतात, साहेब.
चालतात ते बरोबर. पण आहेत कुणाची?

मी ट्रे त्यांच्यापुढे सरकवते.
बघा ना, म्हणते,
उजवीकडचे पाच खळगे रिकामे.
डावीकडचे बावीस.
आणि ही मधली...
पुढचं वाक्य मला येत नाही.

गांगुर्डे मान डोलावतात.
माणूस वाईट नाही. त्यांना मोजायचंय.
ते ट्रे टेबलावर उलटा करतात.
पितळ घरंगळतं, पेपरवेटला अडतं,
एक टेबलाखाली जातं, शिपाई वाकून आणतो.
दोन, चार, सहा, आठ.
तेवीस. बरोबर.

मग ते एकेक परत लावतात,
डाव्या कडेपासून, शिस्तीत,
मधे एकही जागा न सोडता.
पावती करतात : रायफल एक. पिस्तूल एक. काडतुसं तेवीस.
रकान्यात आधी रायफल लिहितात, खोडतात,
रेघेच्या बाहेर, समासात,
बारीक अक्षरात लिहितात : सामाईक.

सही इथे, म्हणतात.
मी डावा हात खिशात घालते,
श्वास अर्धा सोडते, धरते,
आणि करते.